रत्नागिरीभोवती एका दिवसाची किनारी वाट : आधी भरती बघा, मग गाडी काढा

रत्नागिरी : रत्नागिरी शहरात मुक्काम करून एका दिवसात समुद्रकिनारा फिरायचा असेल तर दोन वाटा आहेत. एक उत्तरेला आरे-वारेवरून गणपतीपुळे, मालगुंड, जयगड. दुसरी दक्षिणेला भाट्ये, पावस, पूर्णगड. दोन्ही एकाच दिवसात उरकू असं ठरवून येणारे पुष्कळ असतात, पण त्यात समुद्र कमी आणि गाडीची काच जास्त बघितली जाते. पहिल्यांदा येणाऱ्यांनी उत्तरेची वाट धरावी.

गाडी काढण्याआधी कॅलेंडरवरची तिथी बघावी. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीचा हिशोब तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि भर दुपारी पाणी लांब गेलेलं. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास भरती, तीही उधाणाची. हा हिशोब ढोबळ आहे, तास-पाऊण तास मागं-पुढं होतं. नेमकी वेळ मोबाईलवर भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. पण पाऊणकी येत असेल तर रेंज नसली तरी अडत नाही.

हे सांगायचं कारण साधं आहे. आरे-वारे आणि गणपतीपुळे इथं पर्यटक बुडण्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडतात, आणि बुडणाऱ्यांत बाहेरून आलेले, पोहता येणारेसुद्धा असतात. नदी किंवा विहिरीत पोहण्याची सवय समुद्रात कामाला येत नाही. उधाणाच्या दिवशी जेवण करून दीड-दोन वाजता मंडळी पाण्यात उतरतात, नेमकी तेव्हा ओहोटी सुरू झालेली असते आणि परतणारं पाणी पायाखालची वाळू काढून माणसाला आत ओढतं. संकष्टीला उलट असतं. त्या दिवशी पुळ्यात गर्दी, आणि दुपारभर भरती चढत जाते. अंगारकीला तर किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. गुडघाभर पाण्यापुढं जाऊ नये, जीवरक्षक किंवा गावकरी शिट्टी मारत असतील तर वाद न घालता बाहेर यावं. खाडीच्या मुखाशी तर उतरूच नये. पावसाळ्यात किनारा लांबूनच बघायचा.

सकाळी सात-साडेसातला शहरातून निघावं, पेट्रोल शहरातच भरून घ्यावं. शिरगाव, साखरतरचा पूल, काळबादेवीवरून रस्ता आरेकडं जातो. साखरतरला सकाळी होड्या लागलेल्या दिसतात. पुढं आरे आणि वारे यांच्यामधला चढ आला की डाव्या हाताला दोन्ही किनारे एकदम खाली उघडतात. या सगळ्या दिवसातलं बघण्यासारखं एकच ठिकाण निवडायचं झालं तर हेच. पण रस्ता वळणाचा आणि अरुंद आहे. वळणावर गाडी लावून फोटो काढू नयेत, मागून एसटी येते. थोडं पुढं मोकळी जागा असते, तिथं लावून चालत यावं.

नेवरे, भंडारपुळेवरून नऊच्या आत गणपतीपुळे गाठलं तर दर्शन निवांत होतं. शहरापासून हे अंतर साधारण २५ किलोमीटर. निवळीमार्गे आलं तर जवळपास दुप्पट पडतं. मंदिर पश्चिमाभिमुख आहे आणि मागच्या डोंगरालाच प्रदक्षिणा घालतात. ती चुकवू नये, सकाळच्या सावलीत अर्ध्या तासात होते. मालगुंड तिथून जवळच, कवी केशवसुतांचं जन्मगाव. त्यांचं घर आणि स्मारक जपलं आहे. मुलं सोबत असतील तर तासभर द्यावा.

जेवणाचं सकाळीच फोन करून सांगून ठेवावं. घरगुती खानावळीत माणसं मोजून रांधतात, आयत्या वेळी दहा जण उभे राहिले तर सगळ्यांचीच पंचाईत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताज्या माशांचा हट्ट धरू नये. घावणे, आमटी-भात आणि सोलकढीवर भागवावं.

दुपारी जयगड. शास्त्री नदीच्या मुखावरचा किल्ला, दीपगृह आणि वाटेत नांदिवडेजवळ समुद्राला लागून असलेलं कऱ्हाटेश्वराचं देऊळ. जयगडहून फेरीबोट गाड्या घेऊन पलीकडं तवसाळला, म्हणजे गुहागर तालुक्यात जाते. बोट बघून मोह होतो, पण पलीकडं गेलात की हेदवी, वेळणेश्वर खुणावतात आणि दिवस हातचा जातो. ती वेगळी सहल करावी.

परत येताना दोन पर्याय. निवळी रस्ता आतून येतो, पण बंदराकडच्या अवजड गाड्यांची त्यावर वर्दळ असते. पुढं हातखंब्याला महामार्गावरचा उतार जपून उतरावा. उजेड असेल तर आल्या वाटेनंच, आरे-वारेवरून यावं. फिरून सगळं १०० किलोमीटरच्या आसपास होतं. डिसेंबरात सूर्य सहालाच बुडतो, मे महिन्यात सातपर्यंत वेळ मिळतो. त्या बेतानं जयगड सोडावं. मावळता सूर्य बघायला मांडवी किंवा भाट्ये गाठता येतं.

किनाऱ्यावर गाडी उतरवण्याचा शौक मात्र घरी ठेवून यावा. वरची वाळू घट्ट दिसते, चाक फिरलं की रुततं आणि भरती वाट बघत थांबत नाही. मग गावातली माणसं दोरखंड घेऊन धावतात, ट्रॅक्टर शोधावा लागतो. ट्रॅक्टरवाल्याचा त्या दिवशीचा नांगर राहतो, याचा हिशोब कुणी करत नाही.

रस्त्याकडेच्या आंबा-काजूच्या बागा गडग्याच्या आत आहेत, मोकळ्या रानातल्या नाहीत. एप्रिल-मे महिन्यात आंबा हवा असेल तर बागेतल्या माणसाला हाक मारावी, पेटी नाही तरी डझनभर तो हौसेनं देतो, आणि कोणता कधी पिकेल तेही सांगतो. अडचण आली तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. आरे-वारेच्या चढावर काही वेळा रेंज जाते, तेव्हा जवळच्या वाडीत जाऊन सांगावं.