तांड्याचें गांव, नायकाचें घर : पुसद तालुक्यांतील गहुली

वऱ्हाडांतील घराण्यांचा इतिहास लिहूं जातां आपण बहुधा देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांकडे वळतों. कारण तेथें दप्तरें सांपडतात. ज्या घराला दप्तर नाहीं त्याला इतिहासही नाहीं, असा समज यामुळें नकळत रूढ झाला आहे. पुसदच्या परिसरांतील गहुली येथील नाईक घराण्यावरून तो तपासून पाहण्याचा येथें हेतु आहे.

पुसद हें पूस नदीकांठचें जुनें गांव. येथील दोन हेमाडपंती देवळांची व गाळानें भरलेल्या तलावाची नोंद इंपीरियल गॅझेटियरमध्यें आहे. इ. स. १९०५ पर्यंत हा तालुका बाशीम जिल्ह्यांत होता; तो जिल्हा मोडल्यावर यवतमाळास जोडला गेला. त्यापूर्वीचे सरकारी कागद शोधणारानें ही गोष्ट विसरूं नये.

या भागांत बंजाऱ्यांचे तांडे पुष्कळ. ‘वाणिज्यकार’ या संस्कृत शब्दापासून ‘बंजारा’ व ‘लवण’ यापासून ‘लमाण’ अशी व्युत्पत्ति सांगतात, व ती त्यांच्या मूळ व्यवसायाशीं जुळते. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलूखभर नेणें, ही त्यांची लदेणी. मोंगलांच्या दक्षिणेंतील मोहिमांना धान्य पुरविणारे हेच. पुढें सडका झाल्या, इ. स. १८६७ त आगगाडी नागपुरास पोंचली, आणि बैलाची पाठ निरुपयोगी झाली. तेव्हां तांड्यास दोनच वाटा उरल्या : भटकणें किंवा भूमि धरणें.

गहुलीनें दुसरी वाट धरली. हें गांव चतुरसिंग राठोड यांनीं वसविलें. ते तांड्याचे नायक. त्या पदावरूनच घराण्यास ‘नाईक’ हें आडनांव पडलें. राठोड हें कूळ, नायक हा अधिकार, आणि नाईक हें आडनांव, या तीन शब्दांत फिरत्या तांड्यापासून स्थिर गांवापर्यंतचा सारा प्रवास सांठविलेला आहे. ज्या घरापाशीं सनद नाहीं, त्याचें आडनांव हीच सनद समजावी.

चतुरसिंगांचे पुत्र फुलसिंग. त्यांचे पुत्र वसंतराव यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजीं गहुलीस झाला. त्यांचें शिक्षण निरनिराळ्या गांवीं होऊन अखेर नागपुरास कायद्याची परीक्षा झाली. पुसदेस त्यांनीं वकिली केली, व इ. स. १९४६ त ते तेथील नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव हेही इ. स. १९९१ त त्याच पदावर आले. एका लहानशा गांवांतील एकाच घरांतून दोन मुख्यमंत्री निघाले, हें सर्वविदित आहे. परंतु ज्या तांड्याच्या न्यायपंचायतीच्या परंपरेंत हें घर वाढलें, तिचा शोध त्या मानानें अल्पच झाला आहे.

यावर कोणी म्हणतील कीं, मौखिक परंपरेवर भरंवसा कसा ठेवावा ? शंका रास्त आहे. भंगी व जंगी या नायकांस मोंगल सरदार आसफखानानें सुवर्णाक्षरी ताम्रपट दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. वऱ्हाडच्या पोलीस खात्यांतील कंबरलेज यानें बंजाऱ्यांवर लिहिलेल्या टिपणाच्या आधारें रसेल यानें ती इ. स. १९१६ च्या ग्रंथांत दिली. मूळ पत्रा डोळ्यांखालून गेल्यावांचून तिला अस्सल पुरावा म्हणतां येणार नाहीं. तथापि कथा कोणत्या तांड्यांत, कोणत्या पाठानें सांगतात, हें टिपून ठेवणें हाही पुरावाच होय.

बंजारी बोलीस स्वतःची लिपि नाहीं. वंशावळी व गीतें भाटांच्या व वृद्ध स्त्रियांच्या मुखीं आहेत. पोथी वाळवीनें खाल्ली तरी तिचीं चार पानें उरतात. मुखांतील पोथी मात्र माणसाबरोबर समूळ जाते. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, वाड्यांच्या माळ्यांवरील रुमाल सोडतांना तांड्यावरही एक संध्याकाळ घालवावी, व जें ऐकूं येईल तें शब्दशः, आपल्या मराठीचा संस्कार न करितां, देवनागरींत उतरून घ्यावें.