डेंग्यूचा एनएस-१ रिपोर्ट: काय सांगतो, काय सांगत नाही

ताप आल्यावर रक्त तपासले आणि रिपोर्टवर ‘एनएस-१ पॉझिटिव्ह’ आले की घरातले सगळे घाबरतात. ‘निगेटिव्ह’ आले की निर्धास्त होतात. दोन्ही वेळा रिपोर्टमधून नको तेवढा अर्थ काढला जातो. म्हणून ही तपासणी नेमकी काय आहे, ते आधी समजून घ्या.

एनएस-१ म्हणजे काय?

डेंग्यूचा विषाणू एकूण १० प्रथिने तयार करतो. त्यातल्या ३ प्रथिनांपासून विषाणूचे शरीर बनते. उरलेली ७ त्याला आपल्या पेशीत शिरल्यावर स्वतःची संख्या वाढवण्यासाठी लागतात. एनएस-१ हे या सातांपैकी एक. बाधित पेशी हे प्रथिन रक्तात सोडतात, त्यामुळे तापाच्या पहिल्या दिवसापासूनच ते रक्तात सापडू शकते.

निगेटिव्ह म्हणजे डेंग्यू नाहीच का?

तसे नाही. निगेटिव्ह येण्याची काही कारणे असतात:

- तपासणीला उशीर झाला. पाचव्या दिवसानंतर एनएस-१ सापडण्याची शक्यता कमी होत जाते. तेव्हा आयजीएम ही अँटिबॉडीची तपासणी उपयोगी पडते.
- पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे. जुन्या अँटिबॉडी एनएस-१ला चिकटतात आणि ते तपासणीत कमी दिसते. डेंग्यूच्या विषाणूचे ४ प्रकार आहेत. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याचा धोका जास्त असतो, हे लक्षात ठेवा.
- तपासणी कार्डवर झाली. झटपट निकाल देणाऱ्या कार्डापेक्षा एलायझा पद्धत अधिक भरवशाची आहे.

या प्रथिनाबद्दल संशोधन काय सांगते?

एनएस-१ ही केवळ विषाणूची खूण आहे, असे बरीच वर्षे मानले जात होते. २०१५ मध्ये दोन गटांचे संशोधन प्रसिद्ध झाले. एक गट कॅलिफोर्निया विद्यापीठातील (बर्कले) ईव्हा हॅरिस यांचा, दुसरा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातील पॉल यंग यांचा. हे प्रथिन स्वतःच रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सैल करते, असे दोन्ही गटांना आढळले. हॅरिस यांच्या गटाने उंदरांना विषाणूशिवाय नुसते एनएस-१ टोचले, तरी त्यांच्या रक्तवाहिन्यांमधून द्रव झिरपू लागला. या प्रथिनाविरुद्ध आधी लस दिलेल्या उंदरांना मात्र संरक्षण मिळाले.

माणसात हे एकच कारण नसते. आपल्या प्रतिकारशक्तीची तीव्र प्रतिक्रियाही त्यात भर घालते. पण यातून एक गोष्ट ठळक होते. गंभीर डेंग्यूत मुख्य धोका असतो तो रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपण्याचा. रक्त घट्ट होते, रक्तदाब उतरतो आणि रुग्ण शॉकमध्ये जाऊ शकतो.

ताप उतरला तरी लक्ष ठेवा

हे झिरपणे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरू लागताना सुरू होते. पुढचे २४ ते ४८ तास सर्वांत नाजूक असतात. नेमके याच वेळी ‘आता बरे वाटतेय’ म्हणून रुग्णाकडे दुर्लक्ष होते. पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर रात्र असली तरी थांबू नका, रुग्णाला रुग्णालयात न्या:

- पोटात सतत किंवा तीव्र दुखणे
- वारंवार उलट्या
- नाकातून, हिरड्यांतून रक्त येणे. काळी शौच होणे
- खूप सुस्ती किंवा अस्वस्थपणा
- हातपाय गार पडणे, उभे राहताच चक्कर
- सहा तासांत लघवी न होणे
- धाप लागणे

फक्त प्लेटलेट मोजू नका

सीबीसीच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेटखेरीज पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट हा आकडाही असतो. प्लेटलेट झपाट्याने कमी होत असताना हा आकडा वाढत असेल, तर रक्त घट्ट होत आहे असे समजावे. रक्तस्राव नसेल तर केवळ आकडा कमी झाला म्हणून प्लेटलेट चढवण्याची गरज बहुतेक रुग्णांना नसते. योग्य वेळी, मोजून दिलेले सलाइन जीव वाचवते. जास्त सलाइनही फुप्फुसांवर ताण आणते, त्यामुळे ते घरी लावून घेऊ नका.

घरी काय करावे?

तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात फक्त पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्या टाळा. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन सुरू असेल तर ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारा. ओआरएस, ताक, पेज, नारळपाणी थोडे थोडे देत राहा. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर काय आणि किती प्यावे, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना सुरुवातीपासूनच डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवा.

ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते कागदावर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना तेच आधी सांगा. कोणती तपासणी करायची आणि धोक्याचे दिवस कोणते, हे त्या तारखेवरून ठरते.