मालक उठला की खेळ संपतो

वर्ल्डकप आला की आपल्या बुलढाण्यातही रात्र-रात्र जागून फुटबॉल बघणारे निघतात. पण महाराष्ट्राचा एक क्लब देशात पहिला आला होता, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

मुंबईचा महिंद्रा युनायटेड. १९६२ साली कंपनीची टीम म्हणून सुरू झाला. ड्युरंड कप, फेडरेशन कप जिंकले. २००५-०६ला प्रशिक्षक डेरिक परेरा यांच्या हाताखाली बंगाल-गोव्याच्या टीमांना मागे टाकून नॅशनल फुटबॉल लीगही घेतली. आणि २०१०ला कंपनीनं क्लब बंद केला. शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर भर देऊ म्हणाले. टीम त्यांची, पैसा त्यांचा; विचारणार कोण?

आता बल्गेरियाचा लेव्स्की सोफिया बघा. १९१४ साली शाळकरी पोरांनी काढला, फाशी गेलेल्या क्रांतिकारकाचं नाव दिलं. राजवटी बदलल्या, क्लब टिकला. २०२०ला तिजोरी रिकामी झाली, तर चाहत्यांनी खिशातले पैसे घातले.

लांब कशाला जायचं? त्याच १९१४ला अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. १९३६ला त्यांचं पथक बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डी दाखवून आलं. तेच आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ.

आपल्याकडं निवडणूक आली की क्लब निघतात, निकाल लागला की बॉलमध्ये हवा भरायला कोणी नसतं. म्हणून पोरांनो, क्लब काढाल तेव्हा बॅनरवर नेत्याचा फोटो लावण्याआधी सभासदांच्या पावत्या फाडा. दहा रुपयांची का असेना.