कोळसा खाण सुरू होण्याआधी पाण्याचा अभ्यास किती परिसरात करतात?

नव्या कोळसा खाणीमुळे आसपासच्या विहिरी, नाले आणि नद्यांवर काय परिणाम होईल, हे पर्यावरण मंजुरीपूर्वी तपासले जाते. ज्या परिसरात ही तपासणी होते, त्याला जलशास्त्रीय अभ्यास क्षेत्र म्हणतात.

भारतात अशा अहवालांत खाणपट्टा हे गाभा क्षेत्र आणि त्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरपर्यंतचा भाग हे बफर क्षेत्र धरले जाते. पण पाणी नकाशावरच्या वर्तुळानुसार वाहत नाही. म्हणून तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पाणलोट क्षेत्र : खाणीसाठी नाला वळवला किंवा माती-दगडाचे ढिगारे रचले, तर खालच्या गावांपर्यंतचा प्रवाह बदलतो.

भूजलाचे थर : चंद्रपूर-यवतमाळमधील वर्धा खोऱ्यात कोळसा बराकर थरांत आहे. त्यावर अनेक ठिकाणी पाणी धरून ठेवणारा कामठी वालुकाश्म आहे. खुली खाण हे थर कापते. आत झिरपणारे पाणी सतत उपसावे लागते आणि भोवतालची भूजल पातळी नरसाळ्यासारखी खाली जाते. हा उतार किती लांब पोहोचेल, हे खाणीची खोली, खडकाचा प्रकार आणि त्यातील भेगांवर ठरते.

शेजारच्या खाणी : अनेक खाणींचा उपसा एकत्र मोजावा लागतो. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने परवान्यापूर्वी असे एकत्रित मूल्यांकन बंधनकारक केले आहे.

हद्द महत्त्वाची का? अभ्यास क्षेत्रातील निवडक विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर मोजून नोंदवतात. हद्दीबाहेरच्या विहिरीची अशी नोंद होत नाही. ती पुढे आटली, तर खाणीमुळेच आटली हे शेतकऱ्याला सिद्ध करणे कठीण जाते.