२३ मिनिटं, ८८३ साइट

घटना सिडनीच्या ॲटलासियन कंपनीतली. जिरा आणि कॉन्फ्लुअन्स बनवणारी तीच ती. पुणे-हिंजवडीच्या कुठल्याही आयटीवाल्याचा दिवस जिराचं तिकीट उघडून सुरू होतो आणि ते ‘डन’मध्ये सरकवून संपतो, म्हणून खालच्या वेळा भारतीय घड्याळाच्या दिल्या आहेत. तारीख ५ एप्रिल २०२२, मंगळवार.

आधीचे दिवस

‘इन्साइट – ॲसेट मॅनेजमेंट’ नावाचं एक वेगळं ॲप ॲटलासियन विकत असे. पुढे ते जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्येच अंगभूत झालं. ज्या ग्राहकांच्या साइटवर जुनं, सुटं ॲप अजून बसलेलं होतं, तिथून ते काढून टाकायचं ठरलं. काम साफसफाईचं, कुणाला कौतुक नसलेलं. एका टीमने यादी द्यायची, दुसऱ्या टीमने स्क्रिप्ट चालवायची.

यादी देताना घोळ झाला. काढायच्या ॲपचे आयडी द्यायचे होते. दिले गेले ते ज्या साइटवर ॲप आहे त्या अख्ख्या साइटचे. खोली पाडायची होती आणि मुकादमाच्या हातात क्रमांक पडला सबंध वाड्याचा.

आता कुणी म्हणेल, तपासणी झाली नव्हती का? झाली होती, आणि या प्रकरणातला सगळ्यात बोचरा भाग तोच आहे. स्क्रिप्ट सहकाऱ्याने वाचली, पण कुठलं एपीआय कसं बोलावलं जातंय एवढंच पाहिलं. यादीतले आयडी कशाचे, हे पाहिलं नाही. स्टेजिंगवर चालवून पाहिली, पण ते आयडी स्टेजिंगवर अस्तित्वातच नव्हते, तेव्हा तिथे कळणार तरी काय! मग प्रॉडक्शनवर आधी फक्त ३० साइटवर चालवली. व्यवस्थित चालली. तीसही ठिकाणी ॲप तेवढं गेलं, बाकी कशालाही धक्का नाही. कारण त्या ३० जणांची यादी घोळ व्हायच्या आधी काढलेली होती आणि तिच्यात खरोखरच ॲपचे आयडी होते.

चाचणी एका यादीची झाली. मोहीम दुसऱ्याच यादीवर निघाली.

दुपारी १ वाजून ७ मिनिटं

अजून काहीही झालेलं नाही, तेव्हा इथे जरा थांबू.

डेटाबेसवर हात चालवणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात एक ताकीद मिळते: अपडेट किंवा डिलीट लिहिताना व्हेअर विसरू नकोस, नाहीतर टेबलातल्या झाडून सगळ्या रो बदलतील. दुसरी ताकीद अशी की आधी त्याच अटीवर सिलेक्ट काउंट मार, किती रो येतात ते बघ, मग बिगिन करून अपडेट चालव, आकडा जुळला तरच कमिट कर, नाहीतर रोलबॅक. दोन्ही सल्ले सोन्यासारखे आहेत. आणि या दुपारी दोन्ही कुचकामी ठरले असते.

ॲटलासियनचं काम एपीआयमार्फत चाललं होतं, थेट टेबलावर क्वेरी मारून नव्हे. पण तर्क तोच आहे, म्हणून तो क्वेरीच्या भाषेत मांडतो. अट होती: व्हेअर आयडी इन, आणि पुढे कंसात ८८३ आयडींची यादी. म्हणजे व्हेअर होतं. प्रत्येक साइटमागे काढायचं ॲप एक धरलं, तर ॲपचे आयडी मोजा की साइटचे मोजा, काउंट ८८३च येणार. आकडा चोख जुळला असता आणि हात निर्धास्तपणे कमिटकडे गेला असता.

वाचवलं असतं ते आणखी एका अटीने: अँड प्रकार बरोबर ‘ॲप’. एवढी अट असती, तर साइटच्या आयडींची यादी कितीही लांब असो, उत्तर आलं असतं शून्य रो. शून्य पाहिल्यावर कुणीही खुर्चीत सरळ होऊन बसतो. पण हे एपीआय साइटचा आयडीही घेत होतं आणि ॲपचाही, आणि जे आलंय ते योग्यच असणार असं धरून चालत होतं. साइटचा आयडी दिला की साइट जाणार, ॲपचा दिला की ॲप. ‘तुम्ही अख्खी साइट काढताय, खात्री आहे ना?’ असा साधा इशाराही नाही.

दुसरी खाच मोडची. स्क्रिप्टला दोन मोड होते. एक रोजच्या वापरातला: ‘काढायचं आहे’ अशी नुसती खूण करून ठेवणारा. टेबलाच्या भाषेत तो एक अपडेट असतो, एका रकान्यात तारीख पडते आणि रो जागेवरच राहते, उद्या मत बदललं तर खूण पुसता येते. दुसरा मोड कायमचं पुसणारा, कायद्याने डेटा नष्ट करणं भाग असतं तेव्हासाठीचा. चालवला गेला तो दुसरा.

दुपारी १ वाजून ८ मिनिटं

स्क्रिप्ट सुरू. सिडनीत संध्याकाळचे ५:३८, ऑफिसातून निघायची वेळ. लास व्हेगासमध्ये मध्यरात्र उलटून गेलेली. उजाडलं की तिथे कंपनीचं मोठं वार्षिक संमेलन सुरू व्हायचं होतं. यादीतली पहिली साइट जवळपास लगेचच गेली. मग दुसरी, मग तिसरी, यादीच्या क्रमाने.

१ वाजून १६ मिनिटं

पहिल्या ग्राहकाचं तिकीट आलं: साइट उघडत नाही.

एकूण २३ मिनिटांत ८८३ साइट गेल्या, म्हणजे सरासरी दीड सेकंदाला साधारण एक. वेग सारखा होता असं धरलं, तर या क्षणी तीनशेच्या आसपास साइट गेल्या होत्या आणि पाचशेहून अधिक अजून शाबूत होत्या. स्क्रिप्ट थांबवायला पाव तास हाताशी होता. पण थांबवणार कोण? एकुलत्या एका तिकिटावरून कुणालाही इतका मोठा अंदाज बांधता येत नाही. आणि साइट काढण्याचा नेहमीचा, अधिकृत मार्गच वापरला गेला असल्यामुळे कंपनीच्या देखरेख यंत्रणेच्या लेखी सगळं सुरळीत होतं. सर्व्हर पडला असता तर भोंगे वाजले असते. इथे सर्व्हर सांगितलेलं काम निमूटपणे करत होते.

१ वाजून ३१ मिनिटं

स्क्रिप्ट संपली. एकही एरर नाही. सुमारे ७७५ ग्राहकांच्या ८८३ साइट नाहीशा: जिरा, कॉन्फ्लुअन्स, आणि काहींचं ऑप्सजिनी व स्टेटसपेजसुद्धा. ऑप्सजिनी म्हणजे रात्री-अपरात्री काही बिघडलं तर इंजिनिअरला उठवणारं साधन, आणि स्टेटसपेज म्हणजे ‘आमची सेवा बंद आहे’ हे आपल्या ग्राहकांना कळवायची पाटी. बंद पडलं ते सांगायची सोयही त्यातच बंद पडली.

१:४७ ते २:२३

तिकिटं वाढली. १:४७ला मोठ्या बिघाडासाठीची प्रक्रिया सुरू झाली, सात मिनिटांत प्रकरणाला ‘गंभीर’ दर्जा मिळाला. २:२३ला तिकिटं आणि स्क्रिप्ट यांचा संबंध पक्का झाला. पहिल्या तक्रारीपासून सव्वा तासाच्या आत कारण हाती लागलं, हे वाईट नव्हे.

वाईट निघालं ते वेगळंच. साइटबरोबर तिचा पत्ता आणि तिच्या ॲडमिनची संपर्क माहितीही गेली होती. ज्यांचं नुकसान झालं त्यांना कळवायचं, तर त्यांचे ईमेलच हाताशी नाहीत. आणि ग्राहकाला नेहमीच्या वाटेने तक्रार नोंदवायची, तर तिकिटाच्या फॉर्मला चालू साइटचा पत्ता लागतो. दोन्ही बाजूंनी दार बंद.

संध्याकाळी ६ वाजून ८ मिनिटं

प्रकरण सर्वोच्च दर्जावर गेलं, कारण एव्हाना उमगलं होतं की बॅकअप असूनही परत आणणं सोपं नाही.

बॅकअप होते आणि चांगले होते. पण क्लाउडवर प्रत्येक ग्राहकाचा स्वतंत्र डेटाबेस नसतो. अनेकांच्या रो एकाच ठिकाणी शेजारी-शेजारी नांदतात. सकाळचा बॅकअप सरसकट उतरवला, तर या ८८३ साइट परत येतील, पण ज्यांच्या केसालाही धक्का लागला नव्हता त्यांचं दिवसभराचं काम पुसलं जाईल. म्हणजे बॅकअपमधून नेमक्या याच ग्राहकांच्या रो निवडून काढायच्या आणि चालू डेटाबेसमध्ये बसवायच्या. दुपारी जी अट कुणी लावली नव्हती, ती आता एकेका साइटसाठी, एकेका सेवेसाठी लिहीत बसायचं.

पहिल्या पद्धतीत साइट नव्याने उभी करायची, म्हणजे तिला नवा आयडी मिळायचा. मग जुन्या आयडीचा जिथे-जिथे उल्लेख आहे ते सगळं बदलत जायचं. सुमारे ७० पायऱ्या, एका साइटमागे जवळपास ४८ तास. ९ एप्रिलपासून दुसरी पद्धत आली: जुनाच आयडी पुन्हा जिवंत करायचा. निम्म्याहून अधिक पायऱ्या गळाल्या आणि वेळ १२ तासांवर आला. ज्या आयडीने घात केला तोच कायम ठेवल्याने सुटका झाली.

त्यानंतर

पहिले ग्राहक ८ एप्रिलला परतले. मुख्य तंत्रज्ञान अधिकारी श्री विश्वनाथ यांचं जाहीर स्पष्टीकरण यायला १२ एप्रिल उजाडला; तोवर ग्राहक ट्विटरवर उत्तरं शोधत होते. इतका उशीर माफ करण्यासारखा नव्हता, आणि पुढे कंपनीनेही तो मान्य केला. शेवटची साइट १८ एप्रिलला उभी राहिली. बहुतांश ग्राहकांचा डेटा मात्र आश्चर्य वाटावं इतका शाबूत मिळाला, गेला तो पुसण्याआधीच्या फार तर पाच मिनिटांचा.

२९ एप्रिलच्या सविस्तर अहवालात यादी देणाऱ्याचं किंवा स्क्रिप्ट चालवणाऱ्याचं नाव नाही, आणि ते योग्यच झालं. दोष त्या एपीआयचा, जे दोन जातींचे आयडी एकाच दारातून आत घेत होतं आणि आत आलेल्याला जात विचारत नव्हतं. यापुढे सगळीकडे आधी खूण करायची, पुसणं नंतर, असा नियम कंपनीने त्या अहवालात स्वतःला घालून घेतला.