काया, बेसांव आणि येतंय

फोंडाघाटाच्या बाजारपेठेत उभे राहिले की दोन तऱ्हांची अभिवादने कानी पडतात. दाजीपूरच्या बाजूने घाट उतरून आलेला कोल्हापूरकडील मनुष्य "रामराम पावणं" म्हणतो, तर कणकवलीकडून आलेला "काय रे, बरो असस मां?" अशी विचारपूस करतो. निरोप घेताना मात्र "जातो" हा शब्द दोघेही टाळतात. घाटावरचा "येतो" म्हणतो, आमचा मालवणी माणूस "येतंय" म्हणतो. पाठ फिरवतानाही परतीचे आश्वासन देण्याची ही रीत किती जुनी आहे, कोण जाणे.

या साध्या शब्दांकडे माझे लक्ष वेधले ते एका लहान मुलीने. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे स्थायिक झालेल्या आमच्या आप्तांची आठ वर्षांची नात नाताळात घरी आली आणि उंबरठ्यातच "काया!" म्हणाली. आपल्याला काया म्हटले की देह आठवतो; आजी तर चक्रावूनच गेली. तो शब्द त्या प्रदेशातील मूळ रहिवाशांच्या, म्हणजे न्युंगार लोकांच्या भाषेतला असून तिला तो शाळेत शिकविला होता. त्याचा अर्थ 'नमस्कार' आणि 'होय' असा दुहेरी आहे. पाहुण्याला होकारानेच सामोरी जाणारी ही भाषा मला फार आवडली. सायंकाळी तेर्स आटोपल्यावर घरातील मुले हात जोडून वडीलधाऱ्यांकडे "बेसांव" मागू लागली, तेव्हा मात्र तीच मुलगी गोंधळून उभी राहिली. हा शब्द तिच्या कानांवर कधी पडलाच नव्हता.

'बेसांव' म्हणजे आशीर्वाद. पोर्तुगीज शब्द कोकणी जिभेवर घोळून असा झाला. 'देव बरें करूं' हे आपले आभाराचे वचन मात्र अस्सल देशी मातीतले. ज्या काळात हे दोन्ही शब्द एका घरात नांदू लागले, त्याच काळात फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय गोव्यात वावरत होते. ते 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यास पोहोचले. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी 1583 साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात नमूद केले. त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' 1616 साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या निधनानंतर, 1640 साली, त्यांचे कोकणी व्याकरण रायतूर येथे छापले गेले. भारतीय भाषेचे हे पहिले मुद्रित व्याकरण मानले जाते.

परंतु ज्या राजवटीत हे व्याकरण छापले गेले, तिनेच पुढे 27 जून 1684 रोजी फर्मान काढले: लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी व आपापसातील व्यवहारही त्याच भाषेत करावा. ही तीन वर्षे सरून तीन शतके लोटली, तरी 'देव बरें करूं' कायम आहे. याचे श्रेय ग्रंथांना फारसे देता येईल असे मला वाटत नाही. सरकारी हुकूम कचेरीपर्यंत पोहोचला, चुलीपर्यंत नाही. मुले आईजवळच राहिली आणि तिचेच बोल बोलू लागली.

न्युंगारांच्या नशिबी हे नव्हते. त्यांच्यामध्ये आलेले बेनेडिक्टाईन मठवासी रोसेन्दो साल्वादो स्पेनमधील गालिसियाचे. 1846 साली त्यांनी पर्थच्या उत्तरेस मिशन आरंभले आणि संत बेनेडिक्ट यांच्या जन्मग्रामावरून त्यास न्यू नॉर्सिया हे नाव दिले. पैसा संपला तेव्हा त्यांनी पर्थला पायी जाऊन पियानोवादनाचा कार्यक्रम केला व निधी जमविला! ते न्युंगारांसह रानात हिंडले, त्यांची भाषा शिकले. 1851 साली रोममध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इटालियन ग्रंथाला त्यांनी तेथील भाषेचा शब्दसंग्रह जोडला. न्युंगार भाषेत जमिनीला 'बूजा', पाण्याला 'केप', कुटुंबाला 'मूर्त' म्हणतात आणि 'न्युंगार' म्हणजे माणूस. आपल्या मेळघाटातील 'कोरकू' या नावाचा अर्थही 'माणसे' असाच आहे.

1849 साली साल्वादो यांनी दोन न्युंगार मुलांना युरोपात नेले. त्यांपैकी एकाचे नाव फ्रान्सिस झेवियर कोनाची. ज्यांचे पार्थिव जुन्या गोव्यात आहे, त्याच संताचे नाव त्याला दिले होते. हा मुलगा 1853 साली रोममध्येच वारला; त्याचा सोबती जॉन दिरिमेरा मायदेशी परतला, पण 1855 साली तोही गेला. साल्वादो यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. तरीही त्या दोन पोरांचा विचार मनातून जात नाही. पुढे 1905 च्या कायद्याने पश्चिम ऑस्ट्रेलियातील सोळा वर्षांखालील प्रत्येक आदिवासी बालकाचे कायदेशीर पालकत्व एका सरकारी अधिकाऱ्याकडे गेले. असंख्य मुले आईबापांपासून दूर वाढविली गेली. न्यू नॉर्सियाच्या वसतिगृहांतही ती होती. जे काम गोव्यातील फर्मानाला साधले नाही, ते येथे आईचा सहवास तोडल्याने झाले. कागदावर उतरलेले शब्द राहिले, बोलणारे ओठ कमी होत गेले.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 29 नोव्हेंबर 1986 रोजी ॲलिस स्प्रिंग्ज येथे आदिवासींना उद्देशून, त्यांची गाणी, कथा आणि भाषा नष्ट होता कामा नयेत, असे स्पष्ट सांगितले. 13 फेब्रुवारी 2008 रोजी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दुरावलेल्या त्या पिढ्यांची संसदेत क्षमा मागितली. आज पर्थमधील अनेक समारंभांचा प्रारंभ 'काया' या शब्दाने होतो. आपल्या वाड्यांवर तेर्स अजूनही होतो. मात्र तो संपल्यावर पुष्कळ घरांत आता "गुड नाईट" एवढेच ऐकू येते.

ती मुलगी परत निघाली त्या दिवशी आजीने तिला "बेसांव" म्हणायला शिकविले आणि तिच्या मस्तकावर हात ठेवला. गाडीत बसताना मुलगी म्हणाली, "बूर्डा!"

"म्हणजे काय गो?" आजीने विचारले.

"न्युंगार लोक निघताना म्हणतात. म्हणजे, नंतर भेटू."

"असां होय," आजी म्हणाली, "म्हणजे येतंय."