शस्त्र आणि यंत्र

'शस्त्रक्रिया' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्यातल्या शस्त्राकडे लक्षही जात नाही. सुश्रुतसंहितेने मात्र शस्त्रे आणि यंत्रे वेगळी मानली. शस्त्रे 20, यंत्रे 101. आणि यंत्रांत प्रमुख वैद्याचा हात! कापते ते शस्त्र. धरते, ओढते, वाट मोकळी करते ते यंत्र. शल्यकर्माच्या इतिहासात मान मिळाला तो शस्त्राला. हा अन्यायच म्हणायचा.

इ. स. 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत स्त्रीरोगचिकित्सेचे एक उपकरण सापडले. मळसूत्र फिरवले, की त्याची मिटलेली पाती परस्परांपासून दूर होतात. पण त्याला शरीराचे नैसर्गिक द्वार लागे. जिथे द्वारच नाही तिथे काय करावे? 1894 मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठी पोटाचे स्नायू आडवे न कापता तंतूंच्या दिशेनेच विलग करण्याची रीत मांडली.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत, 1990 नंतरच्या दशकात, हाच विचार नळीच्या रूपाने आला. जाळीदार आवरण चढवलेली बारीक सुई पोटात जाते. सुई काढून आवरणातून बोथट नळी सरकवली, की ते फुलते आणि ऊती कापल्या न जाता बाजूला सरतात. काम संपल्यावर नळी काढली, की ताणलेले छिद्र बरेचसे आकसते. कापलेल्या छिद्राला हे साधत नाही. त्यातून पुढे आतडे डोकावण्याचे भय अधिक. 1997 मध्ये फोली आणि स्मिथ यांनी पाठीच्या कण्यापर्यंत अशीच वाट काढली: एकीवर एक, वाढत्या जाडीच्या नळ्या सरकवत.